लागलं तिथे बोट ठेवा

दवाखान्याच्या त्वचारोग विभागात शिरलं की पहिली खोली पीसकाकांची. खोली म्हणायची इतकंच; व्हरांड्याला लाकडी पडदी ठोकून काढलेला तो एक लांबट तुकडा होता. पण त्याला उत्तरेकडे तोंड केलेली मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीवर पीसकाकांचा भारी जीव. कातडी दिव्याखाली बघू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. दिव्याखाली लाल डाग तपकिरी दिसतो, फिकट डाग दिसतच नाही आणि धडधाकट माणूसही आजारी वाटायला लागतो. एकदा वरिष्ठांच्या मनात त्या खिडकीपुढे फायलींचं कपाट लावायचं आलं. उभ्या आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेले पीसकाका खिडकीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "कपाट इथे येणार असेल तर मला दुसरीकडे कुठेतरी ठेवा. गोदामात चालेल." कपाट गोदामात गेलं.

त्यांचं काम डॉक्टरांच्या आधीचं. आलेल्या माणसाला स्टुलावर बसवायचं, अंगातलं काढायला लावायचं, उजेडात फिरवून जे दिसेल ते कागदावर लिहायचं आणि कागद आत पाठवायचा. 'मांडीवर गोल चट्टा, कडेला बारीक फोड, मधला भाग निवळलेला, महिनाभरात दुप्पट.' 'दोन्ही कोपरांवर जाड थर, खरवडला की चंदेरी कोंडा पडतो.' 'बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरातले सगळेच खाजवतात.' 'बरगडीच्या एकाच बाजूला पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा, फोड यायच्या आधी चार दिवस तिथे आग.' शाळेत असता तर निबंधात पहिला नंबर नक्की, असं आतल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

मात्र रोगाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. नायटा, सोरायसिस, खरूज, नागीण, सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती आणि बहुतेक वेळा ती बरोबरही निघाली असती. पण डोक्यावर नाण्याएवढी चाई पडलेला माणूस काकुळतीला येऊन विचारायला लागला, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "मला दिसलं ते मी लिहिलंय. नाव आत मिळेल." नाव एकदा घेतलं की बघणाऱ्याचे डोळे मिटतात, असं ते म्हणत. पुढचं सगळं त्या नावाला धरूनच दिसायला लागतं.

अंगावर पित्त उठणाऱ्यांचं मात्र त्यांना वाईट वाटे. पित्ताच्या या गांधी, म्हणजे लाल फुगवटे, अशा लबाड, की घरी अंगभर उठतात आणि दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं की साफ मावळतात. एक बाई तर पुरावा राहावा म्हणून घरून निघतानाच प्रत्येक गांधीची कड बॉलपेनने आखून आल्या होत्या. पीसकाकांनी दोन्ही हातांवरच्या रेषा नीट मोजून लिहून घेतल्या आणि म्हणाले, "बाई, तुम्ही माझी नोकरी घालवणार."

पीस मात्र एकाच कामासाठी होतं. खिडकीच्या कठड्यावर पारवे बसत. त्यांतलं एखादं बरंसं पीस धुऊन, टोकाशी कापून ते वरच्या खिशात ठेवत. त्यावरूनच त्यांचं हे नाव पडलं आणि खरं नाव पगाराच्या यादीपुरतं उरलं. हे पीस बाहेर यायचं ते फिकट डागासाठी. फिकट डाग तीन-चार तऱ्हेचे. कोड असतं ते पांढरंफेक, लांबून दिसणारं. शिबं असतात ती बारीक कोंड्याची, मानेवर, छातीवर, घामाच्या जागी. आणि एक डाग असतो अगदी सभ्य. खाजत नाही, दुखत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पीसकाका घाबरायचे ते या सभ्य डागाला. कुष्ठरोग असा बिनबोभाट येतो. डागावर पीस फिरवलं तर कळत नाही, एवढीच त्याची पहिली खूण. गोळ्या वेळेवर पोटात गेल्या तर माणूस पूर्ण बरा होतो आणि कुणाला कळतही नाही. वेळ गेली तर गोळ्यांनी रोग जातो, पण रोगाने खाल्लेली नस काही परत येत नाही. मग करंगळी वाकते, तिच्या शेजारचं बोट वाकतं आणि हात निकामी होतो.

त्यांची तपासणी साधी होती. "डोळे मिटा. मी पीस लावीन. लागलं तिथे बोट ठेवा." नुसतं 'हो' म्हणून चालायचं नाही, बोटच ठेवायचं. कारण या तपासणीत माणसं खोटं बोलतात. पापण्यांच्या फटीतून बघतात, अंदाजाने 'हो' ठोकून देतात. आपल्याला काही झालेलं नाही हे ऐकायला माणूस इतका आसुसलेला असतो, की तपासणाऱ्यालाच फसवतो आणि वर फसवल्याचा आनंद मानतो. बोट मात्र फसवू शकत नाही. पीसकाका आधी धडधाकट कातडीवर तीनदा पीस लावत, म्हणजे माणसाला सवय होई. मग हळूच डागावर सरकत. हात अगदी स्थिर, सारख्या अंतराने. एक, दोन, पीस. एक, दोन, पीस. नवीन माणूस कामावर आला की त्याला ते हेच आधी शिकवत. एकोणतीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एकही सभ्य डाग निसटून गेला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, पण चेहऱ्यावर दिसायचा.

आता घरचं. पीसकाकांनी लग्न केलं नाही. "दिवसभर लोकांना कपडे काढायला लावणाऱ्याला कोण मुलगी देणार?" असं म्हणून ते विषय संपवत. थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी यांच्याबरोबर ते राहत. पुढे दादांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, मागे तीन खोल्यांचं घर. वडील गेले तेव्हा दादा पंधरा वर्षांचे होते आणि पीसकाका नऊ. दादांनी शाळा सोडली आणि एका घड्याळजीच्या हाताखाली जाऊन बसले, म्हणून धाकट्याची शाळा चालू राहिली. यावर दोघे कधी बोलले नाहीत. पण छप्पन्न वर्षांचे झाले तरी पीसकाका दादांसमोर खुर्चीत टेकून बसत नसत.

दादांचं कौतुक करावं तेवढं थोडं. बोटं जाड, मजुराची वाटावी अशी. पण बायकांच्या नखाएवढ्या घड्याळातला स्क्रू ती चिमट्याने उचलून जागेवर ठेवत, आणि डोळ्याला भिंग असलं तरी नजर बहुधा भिंतीवर असे. ते बघून दुरुस्त करत नसत, ऐकून करत. दुकानात चाळीसेक घड्याळं एकदम चालत असायची. त्यातलं एक मागे पडलं तर दादा न बघता सांगत, "डावीकडून तिसरं." गिऱ्हाइकाचं घड्याळ झालं की ते स्वतः त्याच्या मनगटावर बांधून द्यायचे, दोनदा कानाशी नेऊन, मग पट्टा घट्ट करून. माणसं घड्याळाइतकीच या बांधण्यासाठी यायची.

पीसकाकांना दिवसभर जे काही दिसे ते जेवताना सांगायची खोड होती. कुणाचे हात कसे वाकले होते, कुणाच्या तळपायात खिळा घुसून दोन दिवस कसा कळलाच नाही. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, जेवून घ्या आधी. मग सांगा." दादा खाली मान घालून जेवत.

एक दिवस वहिनींनीच विषय काढला. "भाऊजी, यांच्या हातावर एक चट्टा आलाय. मनगटाच्या वर, बाहेरच्या अंगाला. मी म्हटलं भाऊजींना दाखवा, तर शिबं आहेत म्हणतात."

दादा तेव्हा बारा महिने लांब बाह्यांचा शर्ट घालत होते. आधी घालत नसत. एका घरात राहून हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, या प्रश्नाने पीसकाकांनी पुढे स्वतःला फार छळलं. तेव्हा मात्र त्यांना काही खटकलं नाही. दवाखान्यात चला म्हटल्यावर दादा म्हणाले, "दुकान कोण बघणार? तुला बघायचं तर इथे बघ."

रविवारी सकाळी दुकानातच तपासणी झाली. दादांनी उजवी बाही वर केली. चट्टा होता हाताच्या तळव्याएवढा, फिकट, कडा पुसट. पीसकाकांनी पीस काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थोरल्या भावाला हुकूम सोडला, "दादा, डोळे मीट," आणि तेवढं बोलूनच त्यांना अवघडल्यासारखं झालं. लहानपणी ज्याने आपले डोळे पुसले त्याला डोळे मिटायला सांगायचं, आणि वर बोट ठेव, चुकलास, पुन्हा ठेव, असं शाळेतल्या पोरासारखं दटावायचं? त्यांच्या तोंडून शब्द आले ते वेगळेच. "लागलं की नुसतं हो म्हण."

तीनदा चांगल्या कातडीवर. "हो. हो. हो." मग चट्ट्यावर. दादा डोळे मिटून, चेहरा शांत ठेवून उत्तर देत होते. भोवती चाळीस घड्याळं चालली होती. चट्ट्याच्या मध्यावर पीस लावलं तेव्हाही "हो" आलं, आणि पीसकाकांचा जीव भांड्यात पडला. आता फक्त कोपर बघायचं राहिलं होतं. कोपरामागच्या खाचेतून एक नस खाली करंगळीकडे जाते. ती दोन बोटांत धरून जाड झाली आहे का बघायचं असतं. त्यांनी हात पुढे केला.

"झालं ना?" दादा म्हणाले आणि बाही खाली ओढली. "रविवार असला तरी माणसं येतात रे."

पीसकाकांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला. आत जाऊन वहिनींना त्यांनी सांगितलं, "शिबंच आहेत." एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नाव घेतलं होतं. मलमाची एक ट्यूब आणून दिली आणि त्या दिवशी जेवताना ते नेहमीपेक्षा जास्त बोलले.

पुढचे आठ महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही, कारण ते नेहमीसारखेच गेले. दादा जरा हळू काम करतात, असं एक-दोघांनी म्हटलं. बायकांची लहान घड्याळं ते दुसऱ्या दुकानात पाठवायला लागले. म्हणाले, डोळे साथ देत नाहीत. बासष्टाव्या वर्षी डोळ्यांची तक्रार कुणाला खोटी वाटेल? वहिनींनी गाजर आणायला सुरुवात केली.

मग एका संध्याकाळी पीसकाका कामावरून आले आणि दुकानातच टेकले. वहिनींनी चहा आणून ठेवला. तिन्ही कप धातूचे, कडक तापलेले. पीसकाकांनी आपला कप रुमालात धरला. दादांनी उजव्या हाताने सरळ उचलला, करंगळीची बाजू कपाला चिकटवून, आणि निवांत धरून ठेवला. त्याच बाजूला, तळव्याच्या कडेवर, एक जुना फोड फुटून वाळलेला होता आणि त्याच्या शेजारी नवा, टपोरा, पाण्याने भरलेला.

"दादा, हे कधी भाजलं?"

दादांनी हात उलटा करून बघितला. बघितल्यावर त्यांना कळलं. तोवर कळलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पीसकाकांनी हजारो वेळा हा चेहरा बघितला होता, पण घरात नव्हता बघितला.

वहिनी कप घेऊन आत गेल्या. पीसकाकांनी दुकानाचं दार लोटलं, खिशातून पीस काढलं आणि म्हणाले, "बाही वर कर. डोळे मीट. लागलं की हो म्हण."

दादांनी बाही वर केली. चट्टा पसरला होता. पीसकाकांनी दंडाजवळच्या चांगल्या कातडीवर पीस लावलं. एक, दोन, पीस. "हो." पुन्हा. "हो." तिसऱ्यांदा. "हो." मग त्यांनी पीस उचललं आणि हवेतच धरून ठेवलं, कुठेही न लावता.

"हो," दादा म्हणाले.

पीसकाका हलले नाहीत.

"हो."

घड्याळं चालत होती. पीस हवेत होतं.

"हो," दादा म्हणाले. "हो."

पीसकाका म्हणाले, "दादा, डोळे उघड."

दादांनी डोळे उघडले, पीस कुठे आहे ते बघितलं आणि काय झालं ते त्यांना समजलं. बाही खाली करायला मात्र ते विसरले.

"कसं रे?" पीसकाकांनी विचारलं.

"तू सारख्या अंतराने लावतोस," दादा म्हणाले. "लंबकाच्या दोन ठोक्यांना एकदा. पहिल्या तीन वेळा लागलं. तिथून मोजत गेलो."

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

"करंगळी कधीपासून?"

दादा म्हणाले, "तू रविवारी बघितलंस ना, त्याच्या आधी तीन आठवडे. स्क्रू सुटायला लागला हातातून."

पीसकाकांनी काहीही न विचारता त्यांचं कोपर धरलं. मागच्या खाचेत नस होती, पेन्सिलीएवढी जाड. दाबल्यावर दादांनी ओठ घट्ट मिटले. आठ महिन्यांपूर्वी हीच नस इथेच होती, या हातापासून चार बोटांवर. तेव्हा हात पुढे करून मागे घेतला नसता तर करंगळी तीन आठवड्यांचीच दुखणाईत सापडली असती. तीन आठवड्यांच्या नसेला औषध लागू पडतं. हे जगात ज्या थोड्या माणसांना पक्कं माहीत होतं, त्यांतले एक पीसकाका होते, आणि तेच त्या दिवशी शिबं म्हणून मोकळे झाले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? महारोग झालाय म्हणून?" दादांनी समोरच्या काचेवर हात ठेवला. "मी लोकांच्या मनगटाला हात लावतो रे. या हाताने."

"बरा होतो तो. मी किती वेळा सांगितलं असेल जेवताना."

"तू आधी हात सांगायचास, मग पाय सांगायचास. बरा होतो ते शेवटी सांगायचास. तोवर मी ऐकायचं सोडलेलं असायचं."

पीसकाकांनी पीस खिशात ठेवलं.

वहिनींना त्यांनीच सांगितलं, स्वयंपाकघरात उभं राहून. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बघितलं होतं ना भाऊजी?" त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिघंही दवाखान्यात गेले. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायचं असतं. पीसकाकांनी दादांना आपल्याच स्टुलावर बसवलं, शर्ट काढायला लावला आणि खिडकीच्या उजेडात तिरकं उभं केलं. पाठीवर आणखी सहा डाग निघाले, इतके पुसट की पाठ उजेडात वळवल्याशिवाय दिसेनात. वहिनींनी रोज बघितलेली पाठ. पीसकाकांनी सगळं लिहिलं. चट्टे, नस, करंगळीच्या पकडीत कागद टिकत नाही ते. शेवटी लिहिलं, 'आठ महिन्यांपूर्वी तपासणी झाली होती. ती चुकीच्या पद्धतीने केली गेली.' आणि त्याखाली सही केली.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. दादांना आणि वहिनींना बाहेर बसवून त्यांनी विचारलं, "काका, बोट का नाही ठेवायला लावलंत?"

"थोरला भाऊ आहे," पीसकाका म्हणाले. "डोळे मीट म्हणालो तेच पुष्कळ झालं होतं."

"आणि कोपर?"

"त्याने नको म्हटलं."

डॉक्टरीणबाई वयाने पीसकाकांना मुलगी शोभेल अशा होत्या. रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर पीसकाकांना सोसलं असतं. त्या म्हणाल्या, "वर्षभर गोळ्या. नसेसाठी वेगळं औषध चालू करते. सहा महिन्यांच्या आतलं असतं तर हात सुधारेल असं मी खात्रीने सांगितलं असतं. आता जे परत येईल ते आपलं." मग त्यांनी पीसकाकांना आणि वहिनींनाही तपासलं. दोघांनाही काही निघालं नाही.

त्या आठवड्यात पीसकाकांनी जुनी रजिस्टरं काढली. ज्यांच्या बाबतीत आपण बोट न ठेवता नुसत्या 'हो'वर भागवलं, अशी माणसं त्यांना आठवत होती, कारण प्रत्येक वेळी मनात कुठेतरी टोचलं होतं. त्यांचे जुने मास्तर, एक गरोदर बाई, खात्यातले एक साहेब, एक फार म्हातारा माणूस. अकरा निघाले. सगळेच्या सगळे असे, की ज्यांना हुकूम सोडायची पीसकाकांना भीड वाटली होती. सलग चार रविवार ते पत्ते शोधत हिंडले. नऊ जण भेटले आणि नऊही ठीक होते. मास्तरांनी तर डोळे मिटून दर वेळी अचूक बोट ठेवलं. उरलेले दोघं गाव सोडून गेले होते. त्यांचं काय झालं ते आजवर कळलेलं नाही.

दादांचं वर्ष गोळ्यांचं गेलं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा त्यांनी आतून हाक मारून धाकट्याला बोलावलं, आणि पीसकाकांनी बाहेर उभं राहून सांगितलं की ती गोळीची आहे, रक्ताची नाही. पुढे कातडी काळवंडत गेली. गिऱ्हाइकं म्हणत, ऊन बाधलं वाटतं; दादा म्हणत, हो. रोग आता कुणाला लागण्यासारखा उरला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्या महिन्यानंतरच बजावलं होतं, तरी दादांनी मनगटावर घड्याळ बांधून देणं बंद केलं. दुरुस्त झालेलं घड्याळ ते काचेवर ठेवत आणि थोडं पुढे सरकवत. का, असं कुणी विचारलं नाही. पीसकाका रोज संध्याकाळी ते बघत. घरात जेवताना आता कुणी हातापायांच्या गोष्टी सांगत नव्हतं. वहिनीच एकदा म्हणाल्या, "काहीतरी बोला भाऊजी. फार शांत वाटतं."

दर महिन्याला तपासणी होई, आणि ती पीसकाकाच करत. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या कुणाला सांगायची तयारी दाखवली, तेव्हा ते नको म्हणाले. पीस लावायचं अंतर ते आता मुद्दाम मोडत. कधी लगेच, कधी खूप वेळाने, कधी लावतच नसत. "लागलं तिथे बोट ठेव," ते थोरल्या भावाला सांगत, चुकलं तर पुन्हा सांगत. पाठीवरचे डाग निवळले. चट्ट्याच्या कडेला चौथ्या-पाचव्या महिन्यात बोट बरोबर जायला लागलं. मध्यावर मात्र दादा डोळे मिटून नुसते वाट बघत बसत आणि पीस त्यांच्या हातावरून फिरत असे.

बाराव्या महिन्यात शेवटचं पाकीट संपलं. डॉक्टरीणबाईंनी रोग गेला असं लिहून दिलं. हातही बघितला. अंगठ्याची पकड थोडी सुधारली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलं होतं ते तसंच राहणार होतं. भिंतीवरची घड्याळं जमतील, त्या म्हणाल्या, मनगटावरची जमणार नाहीत. दादांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं.

नंतर पीसकाकांच्या खोलीत दादा शर्टाची बटणं लावत बसले होते. उजव्या हाताने लागत नव्हती म्हणून डाव्याने लावत होते, आणि एकेका बटणाला वेळ लागत होता. पीसकाका मदतीला पुढे झाले नाहीत. वर्षभर मनात धरलेलं त्यांनी तेव्हा बोलून टाकलं.

"दादा, मी त्या दिवशी कोपर धरायला हवं होतं."

"मी धरू दिलं नसतं," दादा म्हणाले.

"माहीत आहे."

"हात ओढून घेतला असता. ओरडलोही असतो तुझ्यावर."

"हो."

दादांनी शेवटचं बटण लावलं. वाकलेली दोन बोटं त्यांनी डाव्या हाताने सरळ केली आणि सोडली. ती पुन्हा वाकली. त्यांच्याकडे बघत, अगदी हळू, लहानपणी धाकट्याला समजवायचे त्या आवाजात ते म्हणाले, "तरी धरायचं होतंस रे."